मोटारीचा भरवसा : तीन पिढ्यांचा हिशेब



वसंत व्याख्यानमालेत मोटारीसारखा विषय घेतला म्हणून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. या व्यासपीठावरून संतवाङ्मय, इतिहास, अर्थकारण यांवर पुष्कळ बोलले जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु जळगाव आणि धुळे ही दोन्ही गावे हमरस्त्यांवर वाढलेली आहेत. धुळ्यावरून मुंबई-आग्रा रस्ता जातो. सुरतेहून निघालेला नागपूर-कलकत्त्याचा रस्ता धुळे, पारोळा, एरंडोल करीत जळगावात येतो आणि पुढे भुसावळकडे वळतो. रावेर-सावद्याची केळी ट्रकात चढतात, लग्नाची वऱ्हाडे जीपमध्ये चढतात, आणि रात्री-अपरात्री रोग्याला दवाखान्यात न्यायचे तर शेजाऱ्याची मोटारच उपयोगी पडते. ज्या यंत्रावर आपण आपला माल आणि आपली माणसे सोपवतो, त्याच्या भरवशाचा विचार करणे हाही लोकशिक्षणाचाच भाग आहे, असे मला वाटते.

या विषयावर प्रत्येक घरात दोन पक्ष असतात. आजोबा म्हणतात, "आमच्या वेळच्या गाड्या मजबूत. आताच्या म्हणजे पत्र्याचे डबे आणि आत वायरींचे जाळे." नातू म्हणतो, "आजोबा, तुमची गाडी सकाळी सुरू करायला चार माणसे लागत होती." यात खरे कोणाचे? 'जुने ते सोने' असे आपण सहज म्हणून जातो. पण जळगाव हे सोन्याच्या व्यापाराचे गाव आहे. इथल्या सराफाकडे जाऊन 'जुने आहे, म्हणून सोने समजा' असे म्हणून पाहा! तो आधी कसोटीचा दगड काढील. आज आपणही तेच करू.

कसोटी लावण्यापूर्वी तीन शब्द वेगळे केले पाहिजेत, कारण आजोबा-नातवाच्या भांडणात त्यांचीच गल्लत होते. पहिला शब्द साधेपणा: यंत्र पाहिल्यावर कळते की नाही. दुसरा भरवसा: ते न बिघडता किती दिवस चालते. तिसरा दुरुस्ती: बिघडल्यावर जवळच्या माणसाकडून, परवडेल अशा पैशात ते पुन्हा चालू होते की नाही. हे तीन वेगवेगळे गुण आहेत. एक असला म्हणजे दुसरा असतोच असे नाही.

आता पहिली पिढी पाहू. १९२८ साली जनरल मोटर्स या अमेरिकन कंपनीने मुंबईस मोटारींच्या जुळणीचा कारखाना काढला होता. नुसती जुळणी पुरे नाही, भाग इथेच बनले पाहिजेत, असे स्वतंत्र भारताच्या सरकारचे धोरण ठरले आणि १९५४ साली तो कारखाना बंद झाला. मग मोटारींचे मुख्य कारखाने उरले तीन: कलकत्त्याजवळ उत्तरपाड्याचा हिंदुस्थान मोटर्सचा, मद्रासचा स्टँडर्डचा, आणि सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीचा कुर्ल्याचा. पहिल्याची अँबॅसडर आणि तिसऱ्याची फियाट या दोन गाड्यांनी एका पिढीची मोटारीची कल्पनाच घडवली. त्यांच्या जोडीला महिंद्रांची जीप होती. फियाट पुढे पद्मिनी या नावाने जवळजवळ शतकाच्या अखेरीपर्यंत निघत राहिली.

या गाड्या साध्या होत्या यात शंका नाही. झाकण उघडले की सगळे समोर दिसे: इथे कार्बोरेटर, इथे कॉइल, इथे पेट्रोलचा पंप. पण त्यांचा भरवसा कसा होता? त्यासाठी जळगावहून धुळ्याला निघालेल्या फियाटच्या एकाच भागाकडे पाहू. इंजिनात ठिणगी पाडण्यासाठी 'पॉइंट' नावाची दोन टोके असत. ती उघडली की ठिणगी पडे. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर मिनिटाला ६,००० ठिणग्या लागतात. नव्वदएक किलोमीटरच्या या प्रवासाला त्या काळी दोन तास लागत असे धरले, तर धुळ्याला पोचेपर्यंत ती दोन टोके सात लाखांहून अधिक वेळा उघडली आणि मिटली. प्रत्येक वेळी ती किंचित जळत, किंचित झिजत. म्हणून काही महिन्यांनी ती घासावी लागत, मधली फट पुन्हा जुळवावी लागे. पोस्टकार्डाचा तुकडा सरकवून ती फट मापणारे मिस्त्री असत! हे झाले एका भागाचे. वंगणाच्या जागा, प्लग, पंख्याचा पट्टा, बॅटरीचे पाणी यांचा पाढा वेगळाच. आणि लाख किलोमीटरच्या आतच पुष्कळ इंजिनांचे हेड खोलून रिंगा-पिस्टनचे काम निघे.

त्यात आपल्या खानदेशचा उन्हाळा. मे महिन्यात पारा ४५ अंशांना टेकतो. पेट्रोल हे अनेक द्रवांचे मिश्रण आहे, आणि त्यातील हलका भाग साठ अंशांच्या आतच उकळू लागतो. जुन्या मोटारीत पंप तापलेल्या इंजिनालाच चिकटलेला असे, आणि तो मागच्या टाकीतून पेट्रोल ओढून घेई. ओढल्याने नळीतला दाब कमी होतो, आणि दाब कमी झाला की द्रव लवकर उकळतो. नळीत वाफेचा फुगा धरला की पंप नुसती वाफ हलवत बसे आणि गाडी भर रस्त्यात थांबे. मग पंपावर ओले फडके टाकायचे, निंबाच्या सावलीत अर्धा तास बसायचे. कन्नडच्या घाटात दुसरी गंमत. इंजिन गार करणारा पंखा इंजिनाच्याच फेऱ्यांवर फिरे. चढावर वेग मंदावला, म्हणजे जेव्हा वारा सर्वांत जास्त हवा तेव्हाच पंखा हळू फिरणार! म्हणून घाटमाथ्यावर वाफा सोडत उभ्या असलेल्या मोटारी आणि पाण्याचा डबा घेऊन धावणारा क्लीनर हे चित्र जुन्या मंडळींच्या डोळ्यांपुढे आजही असेल.

मग आजोबा 'आमची गाडी कधी अडली नाही' म्हणतात, ते खोटे का? नाही. त्यांची गाडी अडे, पण माणूस अडत नसे. पाना, पक्कड, तारेचा तुकडा आणि थोडी अक्कल एवढ्यावर शंभरांतले नव्वद बिघाड रस्त्याच्या कडेला निघत. शिवाय मॉडेल दहा-दहा वर्षे फारसे बदलत नसल्याने एका गाडीचा भाग दुसरीला बसे आणि धुळ्याच्या मिस्त्रीला शिकलेली विद्या जन्मभर पुरे. तेव्हा भरवसा होता, पण तो यंत्रात नव्हता. तो ड्रायव्हरच्या हातात आणि मिस्त्रीच्या कानात होता. आजोबांनी माणसाचे गुण गाडीच्या खात्यावर जमा केले, इतकेच.

'मजबूत' या शब्दाचाही निकाल इथेच लावून टाकू. जुन्या गाडीचा पत्रा जाड होता हे खरे. पण टक्कर झाली की जो आघात पत्रा पचवीत नाही, तो आत बसलेल्याच्या छातीवर जातो. आजच्या गाडीचे नाक चेपावे असेच ते बनवलेले असते, बसण्याची जागा तेवढी कणखर ठेवतात. नाक चेपले म्हणून गाडीला हसू नये. ते आपल्यासाठी चेपलेले असते.

दुसऱ्या पिढीची तारीख नेमकी सांगता येते. १४ डिसेंबर १९८३ या दिवशी पंतप्रधान इंदिरा गांधींनी पहिल्या मारुती ८०० ची किल्ली मालकाच्या हाती दिली. तीन सिलिंडर, ७९६ घनसेंटिमीटरचे इंजिन, इवलीशी गाडी. लोकांनी तिला काडेपेटी म्हटले. पण ती रोज सकाळी सुरू होई. कार्बोरेटर तिलाही होता, म्हणजे मूळ यंत्रविद्या फारशी वेगळी नव्हती. मग फरक कोठून आला?

फरक कारखान्यात होता. १९५० साली डेमिंग नावाचे अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ जपानला गेले आणि त्यांनी तेथल्या कारखानदारांना एक गोष्ट पटवली: माल तयार झाल्यावर वाईट नग निवडून फेकण्यापेक्षा, वाईट नग निघूच नये अशी कामाची रीत बसवा. जपानने ती मनावर घेतली, आणि सुझुकीबरोबर ती रीत आपल्या देशात आली.

याचे गणित सोपे आहे. समजा एका यंत्रात १०० भाग आहेत आणि ते चालायला सगळेच धड असावे लागतात. प्रत्येक भाग शंभर प्रवासांपैकी ९९ प्रवासांत नीट चालतो. ऐकायला किती चांगले! पण सगळे मिळून यंत्र शंभरांपैकी फक्त ३७ प्रवास निर्विघ्न पार पाडील, कारण शंभर ठिकाणी एकेक टक्का धोका आहे. आता दुसरे यंत्र घ्या. भाग दसपट, म्हणजे १,०००. पण प्रत्येक भाग दहा हजारांत एकदाच दगा देतो. हे यंत्र शंभरांपैकी ९० प्रवास पार पाडील. म्हणजे भाग दसपट झाले तरी भरवसा दुपटीहून वाढला. 'जितके भाग जास्त, तितकी डोकेदुखी जास्त' हा आपला व्यवहारातला समज अपुरा आहे. भागांची संख्या आणि भागांची प्रत, दोन्ही पाहावी लागतात. टोयोटा कंपनी सांगते की, बारीकसारीक स्क्रू धरून एका मोटारीत सुमारे ३०,००० भाग असतात. एवढे भाग असूनही ती वर्षानुवर्षे कुरकुरत नाही, याचे कारण त्या प्रत्येक भागामागची शिस्त.

तिसरी पिढी संगणकाची. हा संगणक मोटारीत कोणाच्या हौसेने आला नाही. तो शिरला धुराड्याच्या वाटेने. १९९५ साली चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना धूर शुद्ध करणारी उत्प्रेरकाची पेटी सक्तीची झाली. २००० साली शिसेमिश्रित पेट्रोल देशातून गेले. ही पेटी नीट काम करायची तर एक भाग पेट्रोलला हवेचे १४.७ भाग, असे प्रमाण क्षणोक्षणी सांभाळावे लागते. कार्बोरेटर हा अंदाजाने फोडणी घालणारा आचारी. त्याला इतके बारीक माप जमेना. म्हणून धुरातला प्राणवायू मोजणारा संवेदक आला, त्याचे ऐकून हिशेब करणारा संगणक आला, आणि हुकमाबरोबर नेमके पेट्रोल फवारणारे इंजेक्टर आले. मारुती ८०० लाही २००० साली ही व्यवस्था मिळाली. पुढे नियम कडक होत गेले. १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज ६ लागू झाले.

या गुंतागुंतीने आपल्याला काय दिले ते मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. पॉइंट गेले, म्हणून ते जळणेही गेले. पेट्रोलचा पंप टाकीतच बुडून बसला आणि ओढण्याऐवजी दाबाने ढकलू लागला. दाब वाढला की उकळबिंदू वर जातो, म्हणून मे महिन्यातले ओले फडकेही गेले. पंखा विजेवर फिरू लागला आणि घाटातल्या वाफा गेल्या. टायर ट्यूबविना आले, त्यामुळे खिळा घुसला तरी हवा हळूहळू उतरते आणि गाव गाठता येते. आज चाळिसगावहून घाट चढून जाणारा तरुण पाण्याचा डबा बरोबर घेत नाही. त्याची त्याला आठवणही नाही, आणि हेच या यंत्राचे मोठे यश आहे.

पण कसोटीचा दगड दोन्ही बाजूंना लावायचा असतो. जुने यंत्र रोज थोडे कुरकुरे आणि निष्काळजीपणा सोसून घेई. नवे कुरकुरत नाही, पण काही गोष्टी मुळीच सोसत नाही. काळी-पिवळी जीप चालवणारे आपले लोक जुन्या डिझेल इंजिनाची तारीफ करतात, ती खरी आहे. एकदा धक्क्याने सुरू झाले की त्याला विजेचीही गरज नसे. प्लॅस्टिकच्या कॅनमधले गाळवट डिझेलही ते रिचवी. आजच्या डिझेल इंजिनात हवेच्या दाबाच्या हजार-दीड हजार पट दाबाने, केसासारख्या छिद्रांतून फवारा उडतो. त्याला कॅनमधले पाणी आणि धूळ चालत नाही; एका गढूळ भरण्यात इंजेक्टर निकामी होऊ शकतात. नव्या डिझेल गाडीच्या धुराड्यात काजळी अडवणारी जाळी असते. ती साफ व्हायला गाडी अधूनमधून हमरस्त्यावर सलग पळवावी लागते. जो गृहस्थ रोज घर ते दुकान एवढेच दोन किलोमीटर जातो, त्याने तशी गाडी घेतली तर जाळी तुंबते आणि समोर दिवा लागतो. आणि उंदीर! उंदराने जुन्या गाडीत घर केले तर गादी कुरतडली जाई. आज तो एक वायर कुरतडतो आणि सगळी गाडी मुकी होते. यात गाडी वाईट नाही. मात्र तिच्या सवयी आपण शिकून घेतल्या पाहिजेत.

आता मी ज्या गोष्टीसाठी हा विषय घेतला तिच्याकडे येतो. बिघाड कमी झाला, पण झाला की तो परका झाला. फेऱ्यांची नोंद घेणारा बोटाएवढा संवेदक बिघडला तर गाडी जागची हलत नाही, आणि कोणता संवेदक बिघडला हे डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी स्कॅनर लागतो, त्याची प्रणाली लागते, कंपनीची माहिती लागते. अजिंठा चौफुलीच्या आसपासचा किंवा धुळ्याच्या आग्रा रोडचा जो मिस्त्री आवाज ऐकून रोग सांगत असे, त्याच्या कानाला आता काही ऐकू येत नाही. त्याची अक्कल कमी झालेली नाही. त्याच्यापासून पुस्तक लपवले गेले आहे.

याचा भार कोणावर पडतो, ते पाहा. नवी गाडी घेणाऱ्याला पहिली वर्षे हमीची असतात. त्याला भरवसा मिळतो, गुंतागुंत जाणवतही नाही. पण मुंबई-पुण्याकडे वापरलेली गाडी दुसऱ्या-तिसऱ्या हाताने तालुक्याच्या गावी येते. ती घेतो कोण? एखादा शिक्षक, एखादा छोटा दुकानदार, चार एकर कापूसवाला. त्याच्याकडे ती आली तेव्हा हमी संपलेली असते आणि कंपनीचे केंद्र जिल्ह्याच्या गावी असते. एक नियंत्रक पेटी बदलायची तर गाडीच्या उरल्या किमतीचा मोठा हिस्सा जातो. म्हणजे गुंतागुंतीचा लाभ पहिल्या मालकाला आणि तिचे बिल शेवटच्या मालकाला! खानदेशासारख्या प्रदेशात शेवटचे मालकच फार. म्हणून दुरुस्तीचा प्रश्न हा आपला प्रश्न आहे.

या दृष्टीने २०१४ साल ध्यानात ठेवण्यासारखे आहे. त्या जानेवारीत मारुती ८०० चे उत्पादन थांबले आणि मे महिन्यात अँबॅसडरचे. दोन पिढ्यांच्या गाड्या एकाच वर्षी गेल्या. आणि त्याच ऑगस्टमध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. त्यांच्यावर ठपका असा होता की सुटे भाग, दुरुस्तीची माहिती आणि तपासणीची साधने त्या बाहेरच्या गॅरेजांना मोकळेपणाने मिळू देत नाहीत. प्रकरण पुढे अपिलात गेले, पण तत्त्व एकदा उच्चारले गेले. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातील मतदारांनी २०१२ साली कौल देऊन असाच हक्क मिळवला होता. आपल्याकडे २०२२ साली केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्याचे संकेतस्थळ उघडले. त्यात मोटारींबरोबर शेतीची अवजारेही आहेत. ट्रॅक्टरवाल्या बांधवांनी हे विशेष ध्यानात घ्यावे.

कंपन्यांचीही बाजू आहे. अर्धवट जाणत्याने सुरक्षेच्या उशांच्या किंवा ब्रेकच्या संगणकाशी खेळ केला तर जीव जाईल, असे त्या म्हणतात. हे खरे आहे. पण त्यावर उपाय अर्धवट जाणत्याला पूर्ण जाणता करणे हा आहे, त्याला अंधारात ठेवणे हा नव्हे. आपल्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून मोटारीचे शिक्षण घेणाऱ्या मुलाच्या हाती पान्याबरोबर स्कॅनर आणि विजेचा मीटर आला पाहिजे. जुन्या मिस्त्रींसाठी संध्याकाळचे वर्ग निघाले पाहिजेत. आणि आपण ग्राहकांनी गाडी घेताना रंग आणि पडद्याची लांबी विचारण्याआधी विचारावे: दहा वर्षांनी हिचा भाग मिळेल का? माझ्या गावात ही कोणाला उघडता येते? गाडीबरोबर येणारे पुस्तक आपल्यापैकी किती जणांनी वाचले आहे, हा प्रश्न मी आज विचारत नाही. सभेत शांतता पसरेल.

कोणी म्हणेल, आता विजेच्या मोटारी आल्या, हा सगळा पसारा जाईल. अंशतः खरे आहे. पुण्याजवळ रांजणगावला २०२० पासून तशी एक मोटार बनू लागली. तिच्यात ना प्लग, ना गिअरचा पसारा, ना धुराडे. हलणारे भाग फारच थोडे. पण बॅटरीची पेटी आणि संगणकाची आज्ञावली या दोन्ही गोष्टी अधिकच बंद झाकणाच्या आहेत. साधेपणा परत आला तरी दुरुस्तीचा हक्क आपोआप येत नाही.

संगणक ही आपल्या आवाक्याबाहेरची विद्या आहे, असा न्यूनगंड मात्र खानदेशाने तरी बाळगू नये. १९४५ साली आपल्या अमळनेरला तेल-तुपाची एक कंपनी निघाली: वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स. तिचेच पुढे विप्रो झाले, आणि ती जगभर संगणकाच्या आज्ञावल्या पुरवू लागली. तेलाच्या घाण्यापासून संगणकापर्यंतचा रस्ता जिथून निघाला, तिथल्या मिस्त्रीला स्कॅनर अवघड नाही. त्याला ते कोणीतरी शिकवले पाहिजे, आणि शिकण्यासाठी लागणारी माहिती कोणी कुलपात ठेवता कामा नये.

तेव्हा निकाल असा. भरवशाच्या बाबतीत नातवाचे खरे आहे. आजची मोटार कालच्या मोटारीपेक्षा कितीतरी कमी अडते. दुरुस्तीच्या बाबतीत आजोबांचे खरे आहे. कालची मोटार अडली तरी आपली होती. नातवाचा भरवसा ठेवून आजोबांची दुरुस्ती परत मिळवणे, हे काम आपल्या पिढीकडे आले आहे. ते कारखान्यात जितके व्हायचे तितके होवो. पण कायद्यात, शाळेत आणि आपल्या चौफुलीवरच्या गॅरेजात ते आपल्यालाच करावे लागेल.